माशीचं संबोधन, एकवचन

गेल्या संक्रांतीला आमच्याकडे धाकट्या नातवाचं बोरन्हाण झालं. बडोद्यात, सुभानपुऱ्यात हाय टेन्शन रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी आहे. मराठी घरं मोजून तीन, पण बोरन्हाण म्हटलं की खालीवरची गुजराती मुलंही गोळा होतात. चुरमुरे, बत्तासे, उसाचे तुकडे आणि बोरं बाळाच्या डोक्यावरून खाली घरंगळली की ती वेचायची मोकळीक सगळ्यांनाच असते. गच्चीवर पतंग आणि ‘काइपो छे’ची आरोळी, खाली हॉलमध्ये काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बसलेलं आमचं बाळ. बडोद्याचा मराठी माणूस या दोन्ही आवाजांत वाढतो.

त्या गडबडीत नऊ वर्षांची नात माझ्याजवळ आली. तिच्या हातात अर्धं चावलेलं बोर होतं. आत बियेच्या कडेला तपकिरी भुगा आणि त्यात वळवळणारी, पांढुरकी, बिनपायांची अळी.

“आजी, हिचं नाव काय?”

“अळी.”

“ते तर सगळ्यांचंच नाव झालं. हिचं काय?”

मी एकतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. नामं चालवून घेणं हा माझा रोजचा उद्योग. देव, माला, वन या शब्दांच्या सात विभक्ती आणि आठवं संबोधन किती मुलांकडून घोकून घेतलं असेल, त्याची गणती नाही. त्या पोरीच्या प्रश्नापुढे मात्र माझ्याकडे शब्द नव्हता. आणि खरं सांगायचं तर साठ-पासष्ट वर्षं किडकी बोरं टाकून देताना हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, याचं मला वाईट वाटलं.

आमच्या घरात नाव घेण्याला फार वजन होतं. आईने वडिलांचं नाव उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही. तिन्हीसांज झाली की सापाला साप म्हणायचं नाही, ‘लांबडं’ म्हणायचं. कारण नाव घेतलं की तो येतो. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी ओठ नेऊन नाव सांगते, ते पहिल्यांदा त्या बाळालाच, मग बाकीच्यांना. म्हणजे नाव ही हाक होती. आणि त्याच घरात वडील पहाटे अमृतानुभव वाचीत. त्यातल्या सहाव्या प्रकरणाला ‘शब्दखंडन’ म्हणतात. वडील समजावून सांगत की ज्ञानदेव आधी शब्दाचा मोठा गौरव करतात, तो विसरलेल्याची आठवण करून देतो म्हणून. आणि मग विचारतात, जे कधी विसरलंच गेलेलं नाही, त्या आत्म्याची आठवण शब्द कशी देणार? पुढे शिकताना छांदोग्यातला उद्दालक भेटला. मातीच्या गोळ्यातून घट होवो की परळ, फरक केवळ नावाचा, खरी ती माती, असं तो श्वेतकेतूला सांगतो. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं होतं की नाम आणि रूप या ओलांडून जायच्या गोष्टी आहेत. नातीने हातात किडकं बोर दिलं, तेव्हा लक्षात आलं की जे हातात कधी धरलंच नाही, ते ओलांडल्याच्या गोष्टी मी करत होते.

त्या अळीचं काय होतं ते आधी पाहू, असं आम्ही दोघींनी ठरवलं. लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी घेतली. कुंडीतली माती चाळून तळाला दोन बोटं पसरली, वर सहा-सात किडकी बोरं ठेवली आणि तोंडाला जुन्या मलमलीचा तुकडा रबराने बांधला. आठ दिवसांत बोरं सुरकुतली. त्यांना बारीक गोल भोकं पडली आणि अळ्या मातीत शिरल्या. नातीने चमच्याने माती हलकेच बाजूला केली तेव्हा तांदळाच्या कणीएवढे पिवळट, गुळगुळीत कोष मिळाले. ते परत झाकून ठेवले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती शाळेला जायच्या आधी ओरडली, “आजी, कुणीतरी आलंय!”

मलमलीच्या आतल्या बाजूला एक माशी उलटी चालत होती. घरमाशीपेक्षा लहान, मधासारख्या पिवळ्या रंगाची. पाठीवर काळे ठिपके, अगदी सुईने शाई टेकवल्यासारखे. पंख काचेसारखे, पण त्यांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे आणि डाग. चालताना ती एक पंख पुढे काढून तिरका करायची, तो मागे घ्यायची, मग दुसरा पुढे. उडत नव्हती, पंख दाखवत होती. असं वाटावं की पैठणीचा पदर हातावर घेऊन कुणी खणाखणाने उलगडून दाखवतंय.

समोरच्या इमारतीत प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर राहतात. आम्ही बरणी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माशी छोट्या नळीत घेतली, चार मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली आणि ती थंडीने सुस्तावल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मग कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. किडे ओळखायची एक रीत असते, तिला ते ‘की’ म्हणतात, म्हणजे किल्ली. प्रत्येक पायरीवर दोन वाक्यं. हे आहे की ते? एक खोडायचं, दुसऱ्याच्या मागे जायचं. पंख चार की दोन? दोनच, आणि मागच्या जोडीच्या जागी गाठ असलेल्या दोन इवल्या काड्या. म्हणजे मधमाशी, गांधीलमाशी, चतुर सगळे बाद. पंखावर ठिपके आहेत, पण ते तर माश्यांच्या कित्येक कुळांत असतात. तेव्हा ठिपके पाहून हुरळायचं नाही, शिरा पाहायच्या. पंखाच्या वरच्या कडेजवळची एक बारीक शीर टोकाकडे जाता जाता एकाएकी काटकोनात वर वळते आणि तिथेच पुसट होते. “ही पाहा,” सर म्हणाले. मी भिंगावर डोळा लावला. पुष्कळ वेळ काही दिसेना, मग दिसली. कापडाच्या किनारीत धागा मुडपावा तशी. त्या मुडपलेल्या शिरेने तिचं कुळ ठरलं: टेफ्रिटिडी, फळमाश्यांचं कुळ.

ही रीत पाहताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ती माझ्या ओळखीची होती. ‘नेति नेति’ आपण सगळेच ऐकतो. पण त्याहून नेमकी जवळची गोष्ट बौद्ध तार्किकांची. दिङ्नागाने मांडलं की ‘गाय’ हा शब्द गोत्व नावाची कुठली वस्तू दाखवत नाही. गाय नसलेलं सगळं तो बाजूला सारतो आणि उरेल तिथं थांबतो. याला ते ‘अपोह’ म्हणतात. शांतरक्षिताच्या ‘तत्त्वसंग्रहा’त ‘शब्दार्थपरीक्षा’ म्हणून एक मोठं प्रकरण याच वादावर आहे, आणि तो ग्रंथ पहिल्यांदा छापून निघाला तो आमच्या बडोद्यातून, १९२६ साली, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये. बौद्धांचा ग्रंथ, त्याचं हस्तलिखित शतकानुशतकं सांभाळलं पाटणच्या जैन भांडाराने, आणि छापला एका मराठी राजाच्या ग्रंथमालेने. विद्यार्थिनी असताना मी तो चाळला होता, आणि अपोह म्हणजे तार्किकांचा शब्दच्छल असा शेरा मनात मारून मिटून ठेवला होता. सुभानपुऱ्यातल्या एका दिवाणखान्यात, फ्रिजमधून काढलेल्या माशीवर तो चालताना पाहिला तेव्हा माझं मत बदललं. ओळखणं असंच घडतं. आपण वस्तूला थेट हात घालत नाही. ती जे जे नाही ते एकेक उचलून बाजूला ठेवतो आणि तिच्या जवळ जातो.

पुढच्या पायऱ्या भराभर झाल्या. भोपळा, कारली, तोंडली किडवणाऱ्या माश्यांचे पंख बहुतेक पारदर्शक, वरच्या कडेला तपकिरी पट्टी आणि एखाददुसरा डाग. त्या बाद. पिवळे आडवे पट्टे, पाठीवर काळे ठिपके आणि जन्म बोरात. सरांनी एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं: कार्पोमाया व्हेसुव्हियाना, कोस्टा, १८५४.

नात म्हणाली, “हे कुठल्या भाषेतलं?” आणि इथं मात्र मला माझं शिकवणं उपयोगी पडलं.

दोन शब्दांची ही पद्धत लिनिअस या स्वीडिश माणसाची. त्याच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती १७५८ची, प्राण्यांच्या नावांचा शक तिथून मोजतात. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्याकडे काही याद्यांत आडनाव आधी आणि स्वतःचं नाव मागून येतं, तसं. कार्पोमाया हे आडनाव: ग्रीकमध्ये ‘कार्पोस’ म्हणजे फळ, ‘माइया’ म्हणजे माशी. व्हेसुव्हियाना हे तिचं स्वतःचं नाव, विशेषण: व्हेसुव्हियसची. नेपल्सच्या डोक्यावरचा तो ज्वालामुखी. हे नाव देणारा आकिल्ले कोस्टा नेपल्समध्ये काम करायचा. तिथल्या परिसरात त्याला ही माशी भेटली. ‘माशी’ स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी, ‘व्हेसुव्हियाना’. विशेष्याचं जे लिंग तेच विशेषणाचं, हा नियम मी फळ्यावर हजारदा लिहिला असेल. तो लॅटिनमध्ये एका माशीच्या अंगावर जसाच्या तसा पाहून दूरच्या गावी आपली बोली ऐकू यावी तसं झालं.

सासर-माहेरही आहे या नावांत. भोपळ्यावरच्या माशीचं नाव आज झ्युगोडॅकस कुकर्बिटी असं आहे आणि पुढे कंसात कोकिलेट, १८९९. कंसाचा अर्थ असा की कोकिलेटने हिला नाव दिलं तेव्हा ही या घरात नव्हती. तेव्हा ती ‘डॅकस’ होती, मग ‘बॅक्ट्रोसेरा’त गेली, आता आणखी दुसऱ्याच घरी आहे. आडनाव बदलत गेलं, स्वतःचं नाव टिकलं, आणि कंसात माहेरची खूण राहिली. कोस्टाभोवती कंस नाही, कारण आमची माशी ज्या घरात जन्मली त्याच घरात अजून आहे. ‘कुकर्बिटी’ ही तर चक्क षष्ठी: भोपळ्याची. आणि गंमत म्हणजे ही आपल्या आशियातली माशी, पण हिचं बारसं झालं हवाईतल्या नमुन्यांवरून, कारण माणसांच्या बोटींबरोबर ती तिथं पोचली आणि तिथं कुणीतरी तिच्याकडे नीट पाहिलं. ज्या बोरावर आमची माशी जन्मली त्या बोराचं शास्त्रीय नाव झिझिफस मॉरिशियाना, मॉरिशसचं. म्हणजे बडोद्याच्या बरणीत मॉरिशसच्या नावाचं फळ आणि व्हेसुव्हियसच्या नावाची माशी. अशीच गंमत आणखी एका नावात: कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, तो बडोद्याच्या प्रत्येक मुलाने मान वर करून पाहिलेला असतो. त्या देवमाशाचं जातीचं नाव ‘मस्क्युलस’, आणि घरातल्या उंदराचंही ‘मस्क्युलस’च. लॅटिनमध्ये त्याचा सरळ अर्थ इवलासा उंदीर. दोघांचं आडनाव वेगळं, म्हणून चालतं.

तेव्हा नाव वस्तूबद्दल फारसं काही सांगत नाही. कुणाला, कुठं ती पहिल्यांदा दिसली, एवढंच बहुतेक वेळा सांगतं. मग ते चिकटतं कशाला?

सरांनी याचं उत्तर दिलं ते मी दोन दिवस विसरू शकले नाही. नवी जात सांगायची तर एक नमुना नेमावा लागतो, एकच. तो टाचणीला टोचून संग्रहालयात ठेवतात. जातीचं वर्णन चुको, पुस्तकं बदलोत, नाव त्या एका देहाला बांधलेलं राहतं. वाद झाला की सगळे त्याच्याकडे परत जातात. पतंजलीच्या महाभाष्यात जुना वाद आहे: शब्द कशाचा वाचक? वाजप्यायन म्हणतो आकृतीचा, सगळ्या गायींत मिळून जे एक आहे त्याचा. व्याडी म्हणतो द्रव्याचा, या इथं उभ्या असलेल्या गायीचा. नैयायिकांनी व्यक्ती, आकृती आणि जाती तिन्ही मान्य करून तो मिटवला. मी वर्गात नेहमी वाजप्यायनाची बाजू घेई. ती मुलांना पटकन पटते. कीटकशास्त्राने नाव बांधताना व्याडीचं ऐकलं आहे. आणि त्याची किंमत एक जीव आहे.

शेजारच्या बेन जैन आहेत. संक्रांतीपासून बरणीवर त्यांचीही नजर होती. त्या बोर कधी अख्खं तोंडात टाकत नाहीत. फोडून, उजेडात धरून, बघून मगच. त्यांनी माशी पाहिली आणि म्हणाल्या, “आ तो चउरिंद्रिय जीव छे, बेन.” जैन आगमांत जीवांची विभागणी इंद्रियांवरून केली आहे: झाडाला एक, कृमीला दोन, मुंगीला तीन, माशी-भुंग्याला चार, माणसाला पाच. लिनिअसच्या कितीतरी आधीची ही वर्गवारी, आणि तिचा हेतूच वेगळा. ओळखायचं कशासाठी? इजा होऊ नये म्हणून. कुणाला किती कळतं, किती दुखतं, हे ठाऊक असावं म्हणून. मला ती फार थोर वाटते. तरी मी बेनना विचारलं की बोरातली अळी तुमच्या हिशेबाने कृमी, आणि ही माशी चार इंद्रियांची. पण ही तीच आहे ना? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “महाराजसाहेबने पूछवुं पडशे,” म्हणाल्या. मीही गप्पच होते, कारण आमच्याकडे तरी याचं कुठं उत्तर होतं? मनुस्मृतीत डास, उवा, माश्या, ढेकूण हे स्वेदज म्हटले आहेत, घामातून, उबेतून जन्मणारे. अंडज म्हणजे पक्षी, साप, मासे. माशीला अंडं असतं हे कुणी पाहिलंच नव्हतं. युरोपातही निराळं नव्हतं. इटलीत रेडीने १६६८ साली मांसावर जाळी बांधून दाखवलं की माशी बसू दिली नाही तर अळ्या पडत नाहीत. पण झाडाच्या गाठींतल्या अळ्या झाडाच्याच प्राणशक्तीतून होतात, असं तोही मानत राहिला. चूक डोळ्यांची होती. अंड्याजवळ बसून कुणी अळीची वाट पाहिली नव्हती, अळीजवळ बसून माशीची.

आणि याच जागी त्या लॅटिन नावाने मला नमवलं. माझ्या घरात बोरातली ती कीड होती आणि ओट्यावरची ती माशी. दोन शब्द, दोन वस्तू, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. कोष तर कुणी पाहिलाच नव्हता, त्याला शब्दही नव्हता. ‘कार्पोमाया व्हेसुव्हियाना’ हे नाव अंड्याचं आहे, अळीचं आहे, मातीतल्या त्या मुक्या कणीचं आहे आणि पट्टेरी पंखांचंही. रूप तीनदा पार पुसलं गेलं, आधीच्या रूपाचं पुढच्यात काही ओळखू येत नाही, आणि नाव एकच. आपण नाम-रूप असा जोडशब्द करतो, जणू दोन्ही एकाच पायरीवरची. इथं नाम रूपाच्या पुष्कळ पुढे गेलं होतं. वारकरी नामाला रूपाहून मोठं मानतात, ते मी भावाने मानत आले होते. त्याचा असा डोळ्यांना दिसणारा दाखला मला लोणच्याच्या बरणीत मिळेल असं वाटलं नव्हतं.

रूपाबद्दल आणखी एक. पंखांवरचे ते पट्टे कोणासाठी? अमेरिकेत १९८७ साली काही संशोधकांनी झोनोसिमाटा नावाच्या अशाच एका फळमाशीचे पट्टेरी पंख कापून घरमाशीला चिकटवले आणि घरमाशीचे साधे पंख तिला. मग दोघींना उड्या मारणाऱ्या कोळ्यांपुढे सोडलं. स्वतःचे पट्टे असलेली आणि ते पुढे-मागे हलवणारी माशी दिसली की कोळी मागे सरे. पट्टे त्याला दुसऱ्या कोळ्याच्या पायांसारखे दिसत. पंख बदलले की धाक गेला. म्हणजे जे मला पैठणीचा पदर वाटलं, ते कोळ्याला कोळी वाटत असणार. अरबस्तानात सापडणाऱ्या एका फळमाशीच्या दोन पंखांवर दोन मुंग्या काढल्यासारख्या दिसतात. तिचं चित्र पाहून जगभर लोक थक्क झाले, पण ती मुंगी भक्षकाला दिसते की फक्त आपल्याला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. रूप पाहणाऱ्याच्या डोळ्यांत घडतं, हे वेदान्ताने सांगितलेलं मला पाठ होतं. त्या पंखांनी ते उघड्यावर आणलं, आणि त्याच्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो हेही.

सर म्हणाले, “नाव मी लिहून दिलं खरं, पण जिवंत माशीवरून मी ‘बहुधा’ एवढंच म्हणेन. खात्री हवी असेल तर ती मारून, टाचणीला लावून नीट तपासावी लागेल. देता का?”

नातीने बरणी छातीशी धरली. माझंही मन होईना, आणि ते नुसत्या मायेने नव्हे. नमुन्याचं मोल मला आता कळलं होतं. कुणीतरी व्हेसुव्हियसच्या परिसरात एक माशी टोचली म्हणून तर मला हिचं नाव मिळालं. बोरांची बाग लावणाऱ्या शेतकऱ्यासाठी ती खात्री पोटाचा प्रश्न असते, तिथं मी आड येणार नाही. पण आमच्या बरणीला खात्रीची गरज कशासाठी होती? मी विचारलं, “‘बहुधा’ लिहायची काही रीत आहे का?” आहे, म्हणाले. दोन शब्दांच्या मध्ये ‘सीएफ’ लिहायचं; लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ताडून पाहा. बेन दारातच उभ्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, “एटले स्यात्.” स्याद्वादातलं ते ‘स्यात्’: एका अंगाने पाहता असं आहे. नावाच्या पोटातच जागा ठेवून दिलेली, पुढच्या पाहणाऱ्यासाठी.

त्या रात्री मला शबरी आठवली. तिने चाखून दिलेली बोरं वाल्मीकींच्या रामायणात नाहीत. तिथं ती रानातली नाना फळं रामासाठी जमवून ठेवते, एवढंच आहे. उष्टी बोरं लोकांनी मागून घातली. मी त्याला आजवर भक्तीचा अतिरेक म्हणत होते. आता वाटतं, ज्याने ते घातलं तो बोरं खाणारा माणूस होता. बोर गोड आहे की नाही हे सालीवरून थोडंफार कळतं; आत कोण आहे हे चावल्याशिवाय कळत नाही. आणि ‘बादरायण संबंध’ हा आपला शब्दही बोरातलाच. वाटसरू एका घरी नातेवाईक म्हणून पाहुणचार घेतो आणि नातं विचारल्यावर सांगतो, माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, तुमच्या दारात बोरीचं झाड. ओढूनताणून आणलेल्या नात्याला आपण ते नाव ठेवलं. माशीचं आणि माझं तरी दुसरं काय नातं? ‘कार्पोमाया’त मला माया ऐकू येते, तीही तशीच, कानाची जोडणी, ग्रीक माशीचा आपल्या मायेशी काही संबंध नाही. पण एका बोरावर दोघींचं तोंड पडलं होतं, हे खरं आहे. ते ओढूनताणून आणलेलं नाही.

विभक्तींचा विचार मात्र पाठ सोडेना. शास्त्राची नावं प्रथमेत असतात, नाहीतर दुसऱ्या शब्दाला षष्ठी. कोण, आणि कुणाची. पूजेत सहस्रनामावली म्हणताना प्रत्येक नाव चतुर्थीत जातं, कारण ‘नमः’ चतुर्थी मागतं. आणि भजनात तर सगळं संबोधन. नावाची ही दोन खाती मी जन्मभर वेगळी ठेवली होती. एकात ओळखायचं, दुसऱ्यात हाक मारायची. या माशीला पावणेदोनशे वर्षांत तिच्या नावाने कुणी हाक मारली असेल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या मागच्या भिंतीलगतच्या रानबोरीपाशी आम्ही तिघी गेलो. बोरं संपत आली होती. नातीने चिठ्ठी तयार केली होती: कार्पोमाया सीएफ व्हेसुव्हियाना, सुभानपुरा, वडोदरा, आणि खाली तारीख. ती तिने वहीत डकवली. मी तिला म्हटलं, हा शब्द आकारान्त स्त्रीलिंगी आहे, ‘माला’सारखा चालव. ती बोटं मोजत घोकू लागली: व्हेसुव्हियाना, व्हेसुव्हियाने, व्हेसुव्हियानाः… सातवी विभक्ती झाली. आठव्याला ती अडली. “संबोधन, एकवचन,” मी म्हटलं.

तिने मलमल सोडली, बरणी आडवी धरली आणि अगदी हळू म्हणाली, “हे व्हेसुव्हियाने.”

माशी काठावर आली. एक पंख पुढे काढला, तिरका केला, मागे घेतला. मग दुसरा.